इंटरनेटचा वेग : एका खेळाच्या सर्व्हरवरून मिळणारा धडा

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एखाद्या शिक्षकाचे घर डोळ्यांसमोर आणावे. घरात प्रकाशतंतूची १०० मेगाबिटची जोडणी आहे. मे महिन्याच्या सुट्टीत घरातील दोन मुले जुन्या संगणकावर 'माइनक्राफ्ट' या खेळाचा स्वतःचा सर्व्हर सुरू करतात. थोरला भाऊ त्याच खोलीत बसून खेळतो. त्याला कसलीही अडचण येत नाही. धाकटी बहीण लॅपटॉप घेऊन मागच्या पडवीत बसते. तिचे चित्र दर घटकेला अडखळते. पुण्याच्या आतेभावाला तर त्या सर्व्हरपर्यंत पोहोचताच येत नाही. तक्रार मात्र सर्वांची एकाच वाक्यात व्यक्त होते : "नेट स्लो आहे." वडील कंपनीला दूरध्वनी करतात. कंपनीचा माणूस येतो, वेग मोजून १०० चा आकडा दाखवितो आणि निघून जातो. तक्रार जागच्या जागी राहते.

वास्तविक बहिणीची अडचण वेगळी आणि आतेभावाची वेगळी. कंपनी जो वेग विकते त्याच्याशी या दोहोंपैकी एकीचाही संबंध नाही. ग्रामपंचायतीचे कार्यालय, शाळा, आरोग्य केंद्र किंवा सेवा केंद्र येथे 'नेट नाही' म्हणून जी कामे खोळंबतात, त्यांतही असाच प्रकार वारंवार आढळतो. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. २०१५ पासून ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाते आणि तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महाराष्ट्रात राज्य शासनाने 'महानेट' या नावाने हाती घेतले. तार गावापर्यंत येण्याची चर्चा पुष्कळ होते. तारेचे टोक आणि टेबलावरचा संगणक यांच्यामधल्या पंचवीस-तीस फुटांची चर्चा सहसा होत नाही.

खेळाचा सर्व्हर हा विषय या पृष्ठांना थोडा हलका वाटण्याचा संभव आहे. तथापि एखादे पान वाचताना किंवा चित्रपट पाहताना जाळ्यातील पुष्कळ दोष झाकून जातात. चित्रपटाचे पुढचे भाग आधीच साठवून ठेवता येतात, त्यामुळे मध्ये दोन सेकंद खंड पडला तरी पाहणाऱ्याला तो कळत नाही. खेळात पुढचा क्षण कोणालाच ठाऊक नसतो. तो साठविता येत नाही. माइनक्राफ्टचा सर्व्हर आपल्या जगाचा हिशेब दर सेकंदाला २० वेळा, म्हणजे ५० मिलिसेकंदांत एकदा, नव्याने मांडतो. कोण कोठे उभा आहे, कोणी कोणता दगड काढला, पाणी कोणत्या बाजूस वाहिले, हे सर्व तो प्रत्येक खेळाडूस कळवितो. जाळ्याचा एखादा सांधा कच्चा असेल तर तो अशा वापरात ताबडतोब उघडा पडतो.

एक आकडा, अनेक अर्थ

प्रथम त्या १०० च्या आकड्याकडे वळू. हा आकडा मेगाबिटचा असतो, तर संगणकावरील फाइलचे आकारमान मेगाबाइटमध्ये लिहिलेले असते. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट येतील. "शंभरचे घेतले आणि बारा मिळतात" ही तक्रार करणाऱ्याला प्रत्यक्षात पुरे माप मिळालेले असते. दोष असेलच तर तो मापे लिहिण्याच्या पद्धतीचा आहे, आणि ही पद्धत ग्राहकाच्या सोयीची आहे असे म्हणवत नाही.

दुसरा मुद्दा दिशेचा. जाहिरातीतील आकडा बहुधा आत येणाऱ्या वेगाचा, म्हणजे डाउनलोडचा असतो. ज्याच्या घरी सर्व्हर आहे त्याला मात्र बाहेर पाठविण्याचा वेग, म्हणजे अपलोड, अधिक लागतो. कारण जगाचा हिशेब सर्वांना पोहोचविण्याचे काम त्याचे. तांब्याच्या टेलिफोन तारेवरून येणाऱ्या एडीएसएल ब्रॉडबँडमध्ये ही दिशा मुद्दाम अरुंद ठेवलेली होती. त्या पद्धतीच्या सुधारलेल्या प्रकारातही आत येण्याचा वेग कमाल २४ मेगाबिटच्या घरात आणि बाहेर जाण्याचा एक-दीड मेगाबिट असे प्रमाण असे. घरातील माणूस वाचणारा आहे, पाठविणारा नाही, हे गृहीतक त्यामागे होते. प्रकाशतंतूवर हे अंतर पुष्कळ कमी झाले आहे. मोबाइलच्या जोडणीवर मात्र ते अद्याप जाणवते. ग्रामपंचायतीचे काम पाहिले तर तेथेही पाठविण्याचेच प्रमाण मोठे : कामांची छायाचित्रे, स्कॅन केलेले दस्तऐवज, दूरदृश्य बैठकीतील आपले चित्र आणि आवाज. यास्तव जोडणी घेताना 'अपलोड किती?' हा प्रश्न लेखी विचारला गेला पाहिजे.

आकडे किती वाढले आहेत याची कल्पना यावी म्हणून एक जुना हिशेब देतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा टेलिफोनवरून मिळणारा वेग सेकंदाला ९,६०० बिट इतका होता. आजच्या मोबाइलने काढलेले ५ मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या वेगाने पाठवायचे तर जवळजवळ ७० मिनिटे लागली असती. २००४ च्या धोरणात किमान २५६ किलोबिट वेगास 'ब्रॉडबँड' म्हटले गेले. पुढे ही मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती २ मेगाबिटवर नेण्यात आली. तेच छायाचित्र २ मेगाबिटवर २० सेकंदांत जाते.

तिसरा अर्थ विलंबाचा, आणि सर्वांत कमी समजला जाणारा हाच. एस. टी.ची गाडी किती प्रवासी नेते हा एक प्रश्न. ती मुक्कामी केव्हा पोहोचते हा दुसरा. मेगाबिटचा आकडा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, दुसऱ्याचे नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे अंतर सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत येण्यास कमीत कमी ४० मिलिसेकंद लागणारच. समुद्रातील तारा सरळ रेषेत नसतात आणि वाटेत यंत्रेही असतात, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहून अधिक होतो. भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्यामार्फत प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो. कितीही पैसे मोजले तरी हा अर्धा सेकंद कमी होत नाही, कारण तो प्रकाशाच्या वेगाने ठरविलेला आहे.

या अडचणीतून वाट काढण्याचा प्रयत्नही प्रथम खेळाच्या क्षेत्रातच ठळकपणे झाला. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील 'इड सॉफ्टवेअर' या संस्थेने जून १९९६ मध्ये 'क्वेक' हा खेळ प्रसिद्ध केला. एका इमारतीतील जाळ्यावर तो उत्तम चाले. पण टेलिफोन मोडेमवरून खेळणाऱ्याने कळ दाबल्यावर आपला योद्धा हलण्यासाठी सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत थांबावे लागे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जॉन कार्मॅक यांनी 'क्वेकवर्ल्ड' ही सुधारित आवृत्ती काढली. तीत खेळाडूचा संगणक सर्व्हरची वाट न पाहता पुढचे पाऊल अंदाजाने टाकतो आणि उत्तर आल्यावर चूक असल्यास दुरुस्त करतो. आजही पुष्कळ खेळांत मध्येच एखादी व्यक्ती मागे ओढल्यासारखी दिसते, ती हीच दुरुस्ती होय. दूरदृश्य बैठकीत दोघेजण एकाच वेळी बोलू लागतात आणि एकाच वेळी थांबतात, त्याचे कारणही विलंब हेच. तेथे मात्र समोरचा काय बोलणार याचा अंदाज संगणकाला करता येत नाही.

खेळास लागणारे मेगाबिट थोडेच असतात. एका खेळाडूमागे साधारणतः एका मेगाबिटच्या आतच काम भागते. नवा प्रदेश समोर येतो तेव्हा गरज क्षणभर वाढते, एवढेच. म्हणून अडखळणाऱ्या चित्रावर '१०० ऐवजी ३०० चा प्लॅन घ्या' हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो बहुतेक वेळा पैसे वाया घालविणारा असतो.

भिंतीच्या अलीकडचा अडथळा

मग पडवीत बसलेल्या मुलीचे चित्र अडखळते कशाने? सर्व्हर घरातच आहे. तिचा संदेश घराबाहेर जातच नाही. अर्थात कंपनीच्या जोडणीचा येथे काहीच संबंध नाही. दोष वाय-फायचा आहे.

वाय-फायचे राउटर सामान्यतः दोन लहरींवर चालतात : २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पहिली लहर लांब जाते आणि भिंत बऱ्यापैकी ओलांडते. परंतु तिच्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची साधने, मायक्रोवेव्ह भट्टी ही सर्व त्याच पट्ट्यात बोलतात आणि एकमेकांवर न चढणारे मार्ग तेथे जेमतेम तीनच : १, ६ आणि ११. दुसरी लहर वेगवान, पण एका जाड भिंतीने थकते. आपल्याकडील काळ्या दगडाच्या दीड-दोन फुटी भिंती तिला पार होत नाहीत. लोखंडी पत्रा तर दोन्ही लहरींना आरशासारखा मागे परतवतो. एका कार्यालयात राउटर चोरीस जाऊ नये म्हणून तो लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवलेला मी पाहिला आहे. बाहेर वेग येत नाही म्हणून सहा महिने पत्रव्यवहार चालू होता. कपाटाचे दार उघडल्यावर प्रश्न सुटला आणि चोरीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. शेवटी राउटर भिंतीवर उंच जागी जाळीविना ठोकून बसविला गेला.

वाय-फाय हे सामाईक माध्यम आहे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. एका मार्गावर एका वेळी एकानेच बोलायचे असते. ग्रामसभेप्रमाणेच, बोलणारे वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ घटतो, आणि लांब बसलेला, हळू बोलणारा माणूस सर्वांचाच वेळ खातो. वर्गात चाळीस मुलांना चाळीस टॅबलेट देऊन घरगुती राउटर एकच ठेवला, तर जोडणी कितीही मोठी असली तरी वर्ग चालणार नाही. जे यंत्र जागचे हलत नाही ते तारेने जोडावे, हा साधा नियम पाळला तरी निम्म्या तक्रारी संपतील. संगणक, छपाईयंत्र, वर्गातील मोठा पडदा यांच्यासाठी पाचव्या किंवा सहाव्या श्रेणीची तांब्याची तार १०० मीटरपर्यंत निर्धोक चालते. मात्र स्वस्त राउटरच्या मागील खाचा पुष्कळदा १०० मेगाबिटच्याच असतात. ३०० मेगाबिटची जोडणी घेऊन असा राउटर वापरणे म्हणजे मोठ्या नळास लहान तोटी बसविण्यासारखे आहे.

इमारतीतील जाळे आतल्या आतच कसे कोलमडते याचे एक जुने उदाहरण आहे. 'इड सॉफ्टवेअर'चाच 'डूम' हा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत खेळाडूची प्रत्येक हालचाल जाळ्यातील सर्वच संगणकांना कळविली जाई, मग ते खेळत असोत वा नसोत. पाहता पाहता कार्यालये व विद्यापीठे यांची अंतर्गत जाळी तुंबू लागली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक विभागाला तर तो खेळ जाळ्यावर खेळू नये अशी सूचना लगेच काढावी लागली. पुढच्या आवृत्तीत हा दोष काढून टाकण्यात आला. बाहेरची जोडणी किती वेगवान होती हा प्रश्न त्यात कोठेही नव्हता.

वेग मोजण्याची रीतही यावरून ठरते. संगणक प्रथम तारेने राउटरला जोडून मोजावे, नंतर राउटरजवळ बसून वाय-फायवर, आणि शेवटी जेथे अडचण येते त्या जागी. पहिल्या दोन आकड्यांत मोठा फरक पडला तर दोष राउटरचा. दुसऱ्या व तिसऱ्यात पडला तर भिंतीचा. आणि पहिलाच आकडा कमी आला तर कंपनीला दूरध्वनी करावा. हीच मोजणी रात्री नऊच्या सुमारास पुन्हा करावी. प्रकाशतंतूच्या प्रचलित पद्धतीत एकाच तंतूवरील सुमारे अडीच गिगाबिट वेग ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो, त्यामुळे सायंकाळचा आकडा सकाळच्या आकड्यापेक्षा कमी येणे शक्य आहे. मोजणीचे केंद्र पुष्कळदा कंपनीच्याच केंद्रात असते. तेथपर्यंतचा रस्ता मोकळा असला म्हणजे पुढचाही मोकळा असेलच असे नाही.

पत्त्यांची टंचाई

आता पुण्याचा आतेभाऊ. त्याची जोडणी उत्तम आहे, सर्व्हरही चालू आहे, तरी तो आत येऊ शकत नाही. या कोड्याचे उत्तर इंटरनेटच्या पत्त्यांत आहे.

इंटरनेटची रचना झाली तेव्हा प्रत्येक यंत्रास ३२ बिटांचा एक पत्ता द्यावयाचे ठरले. असे पत्ते एकंदर ४२९ कोटींच्या आसपास होतात. त्या काळी ते अमाप वाटले असतील. जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले, आणि एप्रिल २०११ मध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठाही शेवटच्या काटकसरीच्या गठ्ठ्यावर आला. भारतात मोबाइलवर इंटरनेट खऱ्या अर्थाने पसरले ते त्यानंतर. म्हणजे पंगत बसली तेव्हा पाने संपली होती.

यावर तोड म्हणून जी युक्ती वापरली जाते ती चाळीच्या उदाहरणाने समजेल. चाळीचा पत्ता एक, बिऱ्हाडे अनेक. घरातील राउटर हा चाळीच्या दारावरचा रखवालदार. आतील संगणकांना तो १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी क्रमांक देतो. हे क्रमांक लाखो घरांत तेच ते असतात आणि बाहेरच्या जगात त्यांना अर्थ नसतो. आतून कोणी पत्र धाडले तर रखवालदार त्यावर चाळीचा पत्ता घालतो, कोणाचे पत्र होते ते लिहून ठेवतो आणि उत्तर आले की त्या बिऱ्हाडात पोहोचवितो. बाहेरून न बोलाविता कोणी आला तर त्याला कोणत्या बिऱ्हाडी न्यावे हे रखवालदारास ठाऊक नसते. तो त्यास दारातूनच परत पाठवितो. आतेभाऊ हा असा न बोलाविता आलेला पाहुणा.

रखवालदारास आगाऊ सांगून ठेवता येते. माइनक्राफ्टच्या सर्व्हरचा ठराविक दार-क्रमांक, म्हणजे पोर्ट, २५५६५ आहे. 'या क्रमांकावर कोणी आले तर त्यास १९२.१६८.१.१० या संगणकाकडे पाठवावे' अशी नोंद राउटरमध्ये केली की काम होते. मुले हे चित्रफिती पाहून तासाभरात शिकतात. तरीही अनेक घरांत ही नोंद करून उपयोग होत नाही, कारण पत्त्यांच्या टंचाईमुळे कंपनीनेही आपल्या पातळीवर हीच युक्ती केलेली असते. चाळ ज्या वाडीत आहे त्या वाडीच्या वेशीवर आणखी एक रखवालदार बसतो, आणि तो कंपनीचा नोकर असल्याने घरमालकाचे ऐकत नाही. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत असून दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, किंवा पत्ता १० ने सुरू होत असेल, तर आपण वाडीत आहोत असे समजावे.

यातून मार्ग तीन. कंपनीकडून वेगळा आकार देऊन स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे. १२८ बिटांच्या नव्या पद्धतीचा पत्ता वापरणे, ज्यात टंचाईचा प्रश्नच उद्भवत नाही, मात्र तो दोन्ही टोकांस असावा लागतो. किंवा बाहेरील एखाद्या सर्व्हरपर्यंत आतूनच एक बंदिस्त मार्ग काढून त्यावरून पाहुण्यास आत आणणे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या कार्यालयातील कॅमेरे किंवा पाण्याच्या टाकीवरील मोजयंत्र दुरून पाहण्याची योजना आखली, तर तीसुद्धा याच ठिकाणी अडते. निविदेत त्याचा उल्लेख नसेल तर यंत्रे बसतात आणि दिसत मात्र काही नाही.

उघडे दार

आतेभाऊ आत आला, हे ठीक. पण ज्या दाराने तो आला ते दार आता सर्वांसाठी उघडे आहे. या बाबतीत घडलेला एक प्रकार मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण त्याची सुरुवात माइनक्राफ्टच्या सर्व्हरपासूनच झाली होती.

अमेरिकेत या खेळाचे मोठे सर्व्हर भाड्याने चालवून लोक चांगले पैसे मिळवितात. प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हरवर निरर्थक संदेशांचा पूर सोडून तो बंद पाडला की त्याचे खेळाडू आपल्याकडे येतात, हे तेथील काही जणांच्या लक्षात आले. पुरासाठी यंत्रे हवीत, तीही फुकट. २०१६ मध्ये तीन तरुणांनी 'मिराय' नावाचा एक कार्यक्रम लिहिला. तो इंटरनेटवर फिरून घरगुती राउटर, कॅमेरे व चित्रमुद्रण यंत्रे शोधी आणि कारखान्यातून आलेले साठेक ठरलेले नाव-परवलीचे शब्द त्यांवर वापरून पाही. ज्या मालकाने ते बदलले नव्हते त्याचे यंत्र या सैन्यात भरती होई. मालकास पत्ताही लागत नसे. फार तर 'नेट स्लो' वाटे. अशी लाखो यंत्रे जमली. पुढे कार्यक्रमाची संहिता उघड केली गेली आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच सैन्याने अमेरिकेतील 'डिन' या नावांचे पत्ते सांगणाऱ्या कंपनीवर हल्ला केला. कित्येक तास ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा असंख्य लोकांना मिळू शकल्या नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीतील सुमारे नऊ लाख घरांचे राउटर याच जातीच्या कार्यक्रमाने बंद पडले. मूळ तिघांनी डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला.

डिसेंबर २०२१ मध्ये दुसरा प्रकार उघडकीस आला. 'लॉग-फोर-जे' नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या एका लहानशा नोंदणी-कार्यक्रमात गंभीर दोष आढळला. माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर गप्पांच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ लिहिली की त्या संगणकाचा ताबा परक्याकडे जाऊ शकत असे. बँका आणि शासकीय कार्यालये यांच्या यंत्रणांतही तोच कार्यक्रम होता. खेळाचे सर्व्हर चालविणाऱ्यांना त्याची झळ प्रथम लागली.

म्हणून दार उघडण्यापूर्वी राउटरचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलावा. दूरून राउटरची व्यवस्था पाहण्याची सोय बंद ठेवावी. 'यूपीएनपी' या नावाची एक सोय पुष्कळ राउटरमध्ये चालूच असते. तिच्यामुळे घरातील कोणतेही यंत्र मालकास न विचारता रखवालदाराकडून दार उघडून घेऊ शकते. ती बंद केल्यास एखाद्या खेळाची गैरसोय होईल, ती सोसावी. सर्व्हर ज्या संगणकावर आहे त्यावर घराचे हिशेब किंवा शाळेचे निकालपत्रक ठेवू नये. ओळखीच्या खेळाडूंचीच नावे यादीत घालण्याची सोय माइनक्राफ्टमध्ये आहे; ती वापरावी. कार्यालयात तर बाहेरून उघडे असे दार असूच नये. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले असून यंत्रे अशा सैन्यातून मुक्त करण्याची साधने तेथे विनामूल्य मिळतात.

गावातल्या गावात

आरंभीच्या घरातील थोरल्या भावाकडे आता परत येऊ. त्याला कधीच अडचण आली नाही, कारण त्याचा सर्व्हर त्याच्या शेजारी, त्याच जाळ्यात आहे. कंपनीची तार तुटली तरी त्याचा खेळ चालू राहील, कारण घरातील जाळे आणि इंटरनेट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते शाळांच्या दृष्टीने या सर्व विषयातील सर्वांत मोलाची बाब हीच आहे, आणि तिचा उपयोग आपण फार थोडा करून घेतो.

वर्गातील चाळीस मुलांनी एकच चित्रफीत इंटरनेटवरून पाहिली तर ती चाळीस वेळा गावात येते. तीच शाळेतील एका संगणकावर ठेवली तर ती एकदाच येते. त्यासाठीची साधने तयार आहेत. 'किविक्स' या कार्यक्रमाने विकिपीडिया पूर्णपणे उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. मराठी विकिपीडियाची, जो १ मे २००३ पासून चालू आहे, अशी प्रत मिळते. इंग्रजी विकिपीडियाची सचित्र प्रत शंभर गिगाबाइटच्या आसपास असून ती एका लहान डिस्कवर मावते. 'कोलिब्री' हा कार्यक्रम धडे, चित्रफिती व स्वाध्याय शाळेतल्या शाळेत पुरवितो आणि कोणत्या विद्यार्थ्याने काय सोडविले याची नोंद ठेवतो. दोन्ही विनामूल्य आहेत. यंत्र म्हणाल तर ज्या जुन्या संगणकावर मुले चार-पाच मित्रांचा माइनक्राफ्ट सर्व्हर चालवितात तेवढे या कामास पुरे. ब्रिटनमध्ये २०१२ साली निघालेला 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा संगणकही चालतो. येथे सार्वजनिक पत्ता लागत नाही, दार उघडावे लागत नाही आणि विलंब दोन-तीन मिलिसेकंदांहून क्वचितच अधिक होतो. खर्च करावयाचा तो चांगल्या वाय-फाय यंत्रांवर, आणि मोठी शाळा असल्यास दर दोन वर्गांमागे एक याप्रमाणे ती तारेने जोडण्यावर. चालविण्यास कोण, असा प्रश्न मुख्याध्यापक विचारतील. ज्या मुलांनी सुट्टीत २५५६५ क्रमांकाचे दार उघडून दाखविले त्यांना विचारून पाहावे.

राहता राहिली वीज. प्रकाशतंतूच्या वाटेतील विभाजक पेट्यांना वीज लागत नाही. गावात वीज गेली तरी दूरच्या केंद्रातून येणारा प्रकाश दारापर्यंत येतच असतो. बंद पडते ते आपल्या भिंतीवरील यंत्र. ते आणि राउटर मिळून पंधरा-वीस वॉटहून अधिक वीज क्वचितच घेतात व बहुधा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यापुरता लहान बॅटरीसंच बसविला तर वीज नसतानाही तीन-चार तास जोडणी टिकते. संगणकासाठी घेतलेला मोठा यूपीएस असतो, पण राउटरची पिन त्यात न लावता शेजारच्या साध्या खाचेत लावलेली असते, असे कार्यालयांतून आढळते. ती पिन बदलण्यास मंजुरी लागत नाही.